एकोणीस कोरे दंड

आठव्या दिवशी मी एकोणीस पोरांच्या बाह्या वर करून पाहिल्या. एकोणीसही दंड कोरे होते. ना फोड, ना सूज, ना लाली. सुईचे ओरखडेसुद्धा भरून आले होते.

"लई हलका हात हाय तुमचा, डाक्तर," बायजाआजी म्हणाली. "मागल्या साली खाली टोचल्याली पोरं चार दिस रडत व्हती. आमच्या येकाला बी ताप न्हाई, का काय न्हाई."

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. एकीने ताकाचा तांब्या पुढे केला. मी घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. आयुष्यात एवढं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं आणि तेही नेमकं नको तेव्हा आलं.

आजीची नात चिमी तेवढी नाराज होती. चार वर्षांची पोर. टोचताना पोरांनी रडू नये म्हणून मी सांगत असे, जो हात हलवणार नाही त्याच्या दंडावर फूल येईल. ती अजिबात हलली नव्हती. आता दंड माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "माजं फूल कुठं हाय?"

मी म्हणालो, "येईल."

मी व्हॅक्सिनेटर होतो. देवीची लस टोचायची, हे काम. लोक तोंडावर देवीडॉक्टर म्हणत आणि माघारी टोच्या म्हणत. डॉक्टर मी नव्हतो. सातवी पास, आणि वर टोचण्याचं थोडं ट्रेनिंग. भोर तेव्हा संस्थान होतं आणि दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. माझ्याकडे वेल्ह्याचा डोंगरी भाग होता. मार्गासनीपर्यंत बैलगाडी मिळे. पुढे आपले पाय आणि आपलं नशीब. ही गोष्ट घडली तो धनगरवाडा तिथून चार कोस वर होता. सात घरं, त्यांच्या म्हशी, आणि भोवती रान. नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथे असतील.

आता कोऱ्या दंडात वाईट काय, ते सांगतो. लस नीट लागली तर तिसऱ्या दिवशी दंडावर पुटकुळी येते. पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्यात पाणी भरतं. आठव्या दिवशी टपोरा फोड होतो, भोवती लाली चढते, पोर किरकिरतं, अंग तापतं. मग खपली धरते आणि पडते, मागे वण राहतो. त्याला आम्ही 'लस धरली' म्हणायचो. आठव्या दिवसाचं इन्स्पेक्शन त्यासाठीच असे. आईबाप म्हणायचे, पोर तापलं म्हणजे टोच्याने घात केला. खरं तर तो ताप म्हणजे पोराचं अंग कामाला लागल्याची खूण.

लस म्हणजे कालवडीच्या अंगावर धरलेल्या फोडातला रस. त्यात जो रोग असतो तो माणसाच्या देवीचा भाऊबंद, पण मवाळ. तो दंडात शिरला की शरीराची राखण करणारी मंडळी जागी होतात. त्याच्याशी झुंजतात आणि त्याचा चेहरा ध्यानात ठेवतात. पुढे खरी देवी आली, तर ओळख आधीच पटलेली असते. ती घर करायच्या आत तिला हाकलतात. ट्रेनिंगमध्ये हे असंच शिकवलं होतं. पुढे एका बाईने हेच माझ्यापेक्षा फार चांगलं सांगितलं, ते येईलच.

पण त्यासाठी लस जिवंत लागते. मेलेल्या लशीशी झुंजायचं काय? ती गारव्यात जगते आणि उष्णतेनं मरते. दिसायला मात्र दोन्ही सारख्याच. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत पांढुरका थेंब. जिवंत कोण, मेलेला कोण, हे आठ दिवसांनी पोराचा दंडच सांगतो.

एकोणीस दंडांनी मला ते सांगितलं होतं. एखाद्याचा कोरा राहिला तर दुसरं कारण असू शकतं. त्या पोराला देवी आधीच येऊन गेली असली, तरी लस धरत नाही. पण ह्या पोरांना ना देवी आली होती, ना कधी कुणी टोचलं होतं. आमची चाहूल लागली की ह्याच बाया पोरं काखोटीला मारून रानात पळत. तीन वर्षं मी ह्या वाड्यावर येऊन नुसतं ताक पिऊन गेलो होतो.

ह्या खेपेला जमलं ते बायजाआजीमुळे. सातही घरांत तिचा शब्द चाले. तीन वर्षं मी तिच्या ओसरीवर टेकायचो, म्हशींची चौकशी करायचो, टोचण्याचा विषय काढायचो नाही. चौथ्या वर्षी तीच म्हणाली, "तुमी येवढं तंगडतोड करत येता, त्येच्यात कायतरी आसंल. उद्या सकाळच्याला समदी पोरं थांबिवते."

मी हरखलो. लशीची पेटी मी ओल्या फडक्यात गुंडाळून, ओली वाळू भरलेल्या गाडग्यातून आणत असे. शिमगा होऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. मुक्कामाला घरातली सर्वांत गार जागा बघायची, हा आमचा नियम. आजीच्या घरात पाण्याचा रांजण होता आणि त्याच्या बुडाशी कायम ओल. मी गाडगं तिथे ठेवलं.

"काय हाय ह्येच्यात?" आजीने विचारलं.

इथे माझी चूक झाली. चार कोस चढून आलो होतो, पाय दुखत होते. कालवड, फोड, रस, गारवा, हे सगळं म्हातारीला कोण समजावत बसणार? आमच्या धंद्यात एक तयार उत्तर होतं. सगळेच ते देत. देवीला भिणाऱ्या माणसाला सांगायचं की ही देवीच आहे. लोक हात जोडायचे आणि वाद घालायचे नाहीत. मीही तेच म्हणालो.

"देवी हाय, आजी. नीट जपा."

आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गाडग्याला हात जोडले. मला बरं वाटलं. मी गोठ्याकडच्या पडवीत जाऊन आडवा झालो.

सकाळी आजीनेच पेटी माझ्या हातात दिली. झाकणावर हळदकुंकू लावलेलं होतं. पेटी हाताला कोमट लागली.

कोमट लागली, हे मला तेव्हाच कळलं होतं. उगाच अंधारात होतो असं सांगणार नाही. पण समोर एकोणीस पोरं ओळीने उभी होती. सगळ्यांच्या आया थांबल्या होत्या. "आज नको, नवी लस घेऊन येतो," म्हणालो असतो, तर पुन्हा एवढी पोरं एका जागी मिळाली असती का? मी मनाला समजावलं की तिच्या हाताची ऊब असेल, सकाळचं ऊन असेल. निदान चार नळ्या तरी जगल्या असतील. आणि टोचायला बसलो. रजिस्टरमध्ये एकोणीस नावं लिहिली. उतरताना शीळ घालत होतो, गाढवासारखा.

तर आता आठव्या दिवशी ताकाचा तांब्या खाली ठेवून मी विचारलं, "आजी, त्या दिवशी पेटी रांजणाखालीच होती ना?"

आजी हसली. "देवीला चिखलात ठिवत्यात व्हय, बाबा? या, दावते."

ती मला घरात घेऊन गेली. चुलीच्या वरच्या भिंतीत त्यांच्या देवाची देवळी होती. आत चांदीचे टाक, पुढे तेलाचा दिवा. भिंत काजळीने काळी झालेली. टाकांच्या शेजारी, दिव्याला लागून, चार बोटं जागा होती.

"हितं ठिवली व्हती. रातभर दिवा इझू दिला न्हाई. निखाऱ्यावर ऊद घालत बसले. डोळ्याला डोळा लावला न्हाई म्या. तुमी म्हनला ना, नीट जपा."

खाली चूल, पुढे दिवा, बाजूला निखारे. मी भिंतीला हात लावला. दुपारी, चूल विझलेली असताना, ती अजून ऊन होती.

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला शाबासकी हवी होती. मी म्हणालो, "चांगलं केलंत."

बाहेर येऊन मी सांगितलं की लस जुनी निघाली, पुन्हा टोचावं लागेल. आजीचा मुलगा धोंडिबा, चिमीचा बाप, कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "येकदा टोचलं की. आता पुन्यांदा कशाला?"

"पहिल्यांदाचं धरलं नाही."

"मंग टोचलं कशाला?"

आजीनेच त्याला गप्प केलं. "आनू दे त्येला नवी. टोचू पुन्यांदा. काय वाघ हाय व्हय त्यो?"

दुसऱ्या दिवशी भोरला सुपरवायझरपुढे उभा राहिलो. वयस्क, कडक माणूस, पण मनाने सरळ.

"एकोणिसातल्या किती धरल्या?"

"एकही नाही, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. "लस मेलेली होती."

"हो."

"कशाने?"

"उन्हाने."

"गाडगं होतं, वाळू होती, फडकं होतं. मग ऊन पेटीत शिरलं कुठून?"

त्यांनी उत्तरासाठी ताणलं नाही. सीझन संपत आलेला, शिल्लक लस नाही. त्यांनी समोरच नव्या लशीचं पत्र लिहिलं आणि म्हणाले, "यायला दहा-बारा दिवस लागतील. तोवर त्या वाड्यावर बाहेरचं कुणी आलं नाही, म्हणजे मिळवली."

लस आली बाराव्या दिवशी. त्याच सकाळी मार्गासनीच्या पाटलाचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. डोंगरावर देवी आली होती.

घाटाखालून, कोकणाकडून, बायजाआजीचा भाचा सोयरीक बघायला आला होता. आला तोच तापाने फणफणत आला आणि दोन दिवसांत त्याच्या अंगावर फोड उठले. त्याला येऊन आठ दिवस झाले होते.

मी गाडगं उचललं आणि निघालो. गाडीची वाट बघितली नाही.

वाटेत चालता चालता मी हिशेब करत होतो. हा आमच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब. देवीचा रोग अंगात शिरल्यावर साधारण बारा दिवस गुपचूप बसतो, मग ताप येतो. लस शरीराला शिकवायला आठ-दहा दिवस घेते. म्हणजे ही शर्यत आहे. रोग शिरल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांत टोचलं तर लस पुढे निघते. नंतर टोचलं तर मागे पडते. ज्या घरांतली पोरं पाहुण्याजवळ गेली नसतील, किंवा उशिरा गेली असतील, त्यांना वाव होता. त्याच घरातल्या पोरीला?

आठ दिवस. कसाही मोजला तरी हिशेब तोच येत होता.

वाड्यावर पोचलो तर पोरं अंगणात खेळत होती. पूर्वी देवी आली की हे लोक पोरं घेऊन वरच्या पठारावरच्या झोपडीत जाऊन राहत. वाडवडिलांची रीत होती, आणि चांगली रीत होती. ह्या खेपेला कुणीच गेलं नव्हतं.

"का नाही गेलात?" मी धोंडिबावर ओरडलो.

तो गोंधळून म्हणाला, "टोचल्याली हायती की पोरं. तुमीच टोचली."

"मी सांगितलं होतं ना, धरली नाही म्हणून!"

"व्हय. पर येकदा तर टोचलंय. थोडं तरी आसंल की अंगात."

थोडं तरी असेल. मी त्यांना नुसतं खोटं औषध दिलं नव्हतं, खोटा धीरही दिला होता. चिमी पाहुण्याच्या उशाशी बसून लिंबाच्या डहाळीने माश्या हाकत होती. तिला ते काम आवडायचं.

मी एकोणीस पोरांना पुन्हा टोचलं. ह्या वेळी प्रत्येक नळी फोडण्याआधी गालाला लावून बघत होतो. मग सगळ्यांना पठारावर पाठवलं. चिमीला मात्र घरातच ठेवावं लागलं. रोग तिच्या अंगात असणारच, तो इतरांत न्यायचा नव्हता. टोचताना ह्याही वेळी तिने हात हलवला नाही.

"आता तरी फूल यील का?"

"आता नक्की येईल."

मी वाड्यावरच राहिलो. पाचव्या दिवशी चिमीला ताप भरला. पाठ दुखते म्हणून विव्हळत होती. मी गेलो तर अंथरुणातून तिने दंड बाहेर काढला. पुटकुळी आली होती, मधोमध खळगा, आत पाणी. ट्रेनिंगमध्ये चित्रात दाखवतात तशी.

"माजं फूल आलं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "झकास आलंय." आणि बाहेर येऊन गोठ्यामागे रडलो. तिचं अंग शिकत होतं. सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं, फक्त उशिरा होत होतं. दोन दिवसांनी तिच्या तोंडावर फोड उठले, मग हातापायावर, मग तळव्यांवर. पुढे घास गिळता येईना, पाणीही गिळता येईना. ताप आल्यापासून नवव्या दिवशी ती गेली.

पठारावरच्या अठरांपैकी दोघांना देवी आली, हलकी, आणि दोघंही वाचले. सोळा जणांना काही झालं नाही. त्यांच्या दंडांवर टपोरे फोड आले, पोरं चार दिवस रडली, तापली. पाहुणाही जगला. रिपोर्टात हे आकडे चांगले दिसतात. साहेबांनी त्याखाली 'समाधानकारक' लिहिलं. मी तो कागद दुसऱ्यांदा वाचला नाही.

पण त्याआधी वाड्यावर एक प्रसंग झाला. चिमीला माती देऊन लोक परतले होते. वरच्या वाड्यांतून चार माणसं आली होती. त्यांच्यात कुजबूज चालू होती. शेवटी एकजण उघड बोलला, "टोचूनबी मेली. दोनदा टोचून मेली. आमच्याकडं कुनी फिरकू नगा."

त्या वरच्या वाड्यांत तीस-चाळीस पोरं असतील. लस खोटी, हे एकदा पसरलं असतं तर पुढची दहा वर्षं कुणी दंड पुढे केला नसता. मला खरं सांगणं भाग होतं, की पहिली लस मेलेली होती. आणि मग धोंडिबाने विचारलंच.

"मेली कशी? तुमच्या हातात तर व्हती."

बायजाआजी खांबाला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "चूक माझी. येताना ओढ्यावर आंघोळीला थांबलो. पेटी दगडावर उन्हात राहिली. त्यात लस मेली आणि मी तशीच टोचली. लस खोटी नाही. मी खोटा."

धोंडिबाने काठी उचलली, माझ्याकडे दोन पावलं आला, आणि मग काठी बाजूला टाकली.

"जावा हितनं. पुन्यांदा ह्या डोंगरावर दिसू नगा."

"जातो. पण दुसरा कुणी आला, तर त्याच्याकडून टोचून घ्याल?"

तो तोंड फिरवून उभा राहिला. उत्तर आजीने दिलं. "घिऊ."

भोरला जाऊन मी तेच लिहून दिलं. ओढा, दगड, ऊन. साहेबांनी वाचलं आणि माझी बदली किकवी-भोंगवलीच्या बाजूला केली. सपाट रस्ता, गाडीची सोय. सोबतचे म्हणाले, ह्याला शिक्षा म्हणतात का बक्षीस? माझ्या जागी दुसरा व्हॅक्सिनेटर डोंगरावर गेला आणि तिथल्या लोकांनी पोरं टोचायला पुढे केली. माझा डाव साधला होता. खरं सांगतो, मनातल्या मनात मी स्वतःला थोर समजत होतो. एका म्हातारीच्या डोक्यावर तिच्याच नातीचं मरण येऊ दिलं नाही, नावाला बट्टा लावून घेतला. असा कोण असतो?

ही थोरवी चार वर्षं टिकली.

चार वर्षांनी एका बाजारच्या दिवशी मी भोरला कचेरीच्या ओट्यावर टोचायला बसलो होतो. ओळीत शेवटी बायजाआजी उभी. वाकली होती. काखेत सात-आठ महिन्यांचं पोर.

मी उठून उभा राहिलो. "आजी, तुम्ही? इतक्या लांब?"

"धोंडिबाचं हाय. टोचा."

"तुमच्याकडे येतो की डॉक्टर."

"येतो. तुमच्याच हातनं टोचायचंय."

मी तिला बसायला दिलं, पाणी दिलं. ती ओंजळीने प्यायली, पोराचं तोंड पुसलं आणि मग म्हणाली, "त्यो नवा डाक्तर आला ना, त्येनं पयल्याच दिशी सांगितलं. समद्या बायांना म्हनला, पेटी चुलीपाशी ठिवू नगा, दिव्यापाशी ठिवू नगा, लस मरती."

मी सुई खाली ठेवली.

"म्या तवाच समजले," आजी म्हणाली. "वड्यावर न्हाई मेली ती."

"तुम्ही कुणाला बोललात?"

"न्हाई. चार वरीस गप हाय. धोंडिबा अजून तुमास्नी शिव्या घालतो आन् म्या ऐकते." तिने पोराला मांडीवर सरकवलं. "तुमी का न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला दुःख होईल म्हणून."

"दुक काय, झालंच की." तिचा आवाज चढला नाही. "माती दिल्यावरचं न्हाई म्हनत म्या. आदी. पेटी ठिवताना. म्या इचारलं व्हतं तुमास्नी, काय हाय ह्येच्यात. इचारलं व्हतं का न्हाई?"

"विचारलं होतं."

"नुसतं म्हनायचं, आजी, ह्येला गार लागतं. रातभर रांजणाला पानी घालत बसले असते. तशीबी जागीच व्हते की. मला कळलं नसतं आसं वाटलं व्हय तुमास्नी?"

असंच वाटलं होतं मला. दुसरं काय? ओढ्यावरची गोष्ट मी खोटी रचली होती, पण 'चूक माझी' हे त्यातलं एकच वाक्य खरं होतं, आणि ते खरं आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी तिचा दोष अंगावर घेतला असं मानून चार वर्षं फुशारलो. दोष तिचा नव्हताच. तिने मी सांगितलं तेवढं तंतोतंत केलं होतं, झोप मोडून केलं होतं.

मग मी चार वर्षं उशिरा काम केलं. नळी तिच्या हातात दिली. कालवड सांगितली, रस सांगितला, तो जिवंत का लागतो ते सांगितलं. अंगाला ओळख कशी पटते तेही सांगितलं. ती नळी उजेडात धरून बघत होती.

"म्हंजी आमच्या खंड्यावानी," ती म्हणाली.

"खंड्या कोण?"

"कुत्रं. पिलू व्हतं तवा धोंडिबाच्या बानं त्येला बिबट्याचं कातडं हुंगवलं. कातडं काय चावत न्हाई. पिलू घाबरलं, भुकलं, दोन दिस जेवलं न्हाई. पर मोठं झाल्यावर बिबट्या टेकडीपल्याड आसला तरी खंड्या पयला उठायचा. आमचं येक रेडकू गेलं न्हाई त्येच्या जल्मात."

"हेच. अगदी हेच, आजी."

तिने नळी माझ्या हातात परत ठेवली, हळूच, तुटेल म्हणून.

"आन् म्या त्ये कातडंच जाळलं."

मी पोराचा दंड धुतला आणि टोचलं. पोराने भोकाड पसरलं. आजीने त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं. उठता उठता तिने विचारलं, "चिमीच्या दंडावर मागनं आला व्हता, त्यो फोड खरा व्हता का?"

"खरा होता, आजी. त्याहून चांगला मी पाहिला नाही."

"मंग तिचं अंग शिकलं व्हतं."

"शिकलं होतं."

तिने मान हलवली आणि पोराला घेऊन वेल्ह्याच्या वाटेला लागली. आठव्या दिवशी मी रजा टाकून डोंगर चढलो. धोंडिबा दारात होता. आजीने त्याला काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्याने काठी उचलली नाही आणि पोर पुढे केलं. दंडावर टपोरा फोड होता, पोर तापलं होतं, किरकिरत होतं. आजीने ताकाचा तांब्या दिला. ह्या खेपेला कुणी माझ्या हाताचं कौतुक केलं नाही.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी हजारो दंड टोचले. पेटी कुणाच्या घरी ठेवायची झाली की आधी घरातल्या बाईपुढे बसायचो. नळी तिच्या हातात द्यायचो आणि सांगायचो, ह्यात जिवंत औषध आहे, ह्याला गार लागतं, विस्तवाजवळ ते मरतं. एवढं सांगायला तांब्याभर पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो. कळलं नाही असं म्हणणारी एकही बाई मला भेटली नाही.